त्रिफळा चूर्ण किती घ्यायचं?

गिरगावकर: रात्रपाळीमुळे पोट साफ होत नाही. आईने दादरहून त्रिफळा चूर्ण आणलंय. हिरडा, बेहडा, आवळा समभाग. किती घेऊ? चव भयंकर तुरट आहे!

परळची मावशी: झोपताना अर्धा चमचा, कोमट पाण्यातून. मी हौसेने दोन चमचे घेतलं आणि सकाळी ८.१२ची लोकल सोडून फलाटावरून घरी पळाले. हिरडा पोट हलवतोच बाबा.

चाळकरी: आमची आजी बिया काढून नुसती सुकी सालं कुटायची, वस्त्रगाळ करायची. विकतच्याला तो वास नाही. साखरेच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचार. गरोदरपणी तर नकोच.

गिरगावकर: गोळ्या नाहीत. पण मी झोपतो सकाळी नऊला!

परळची मावशी: मग सुट्टीच्या दिवशी सुरू कर.