मदत हवी आहे: गिअरचा दांडा झणझणतोय, घरच्या घरी काही करता येईल का?

राम राम मंडळी. मी चाळीसगावचा. गाडी छोटी डिझेल हॅचबॅक, पाच गिअरची, सेकंडहँड घेतलेली, लाखाच्या वर चाललेली. प्रॉब्लेम असा की गिअरचा दांडा वाजतो. सकाळी गाडी गार असताना काही नाही पण एकदा इंजिन तापलं की तिसऱ्या-चौथ्याला दोन हजार आरपीएमच्या आसपास टर्रर्र सुरू होतं, दांड्यावर हात ठेवला की बंद, काढला की परत चालू. धुळ्याकडे हायवेला एकसारख्या स्पीडने गेलं तर चालून जातं, पण कन्नडचा घाट चढताना इतकं वाजतं की मागे बसलेली आई विचारते, काय तुटलं का रे? शिवाय सिग्नलला न्यूट्रलमध्ये दांडा थरथरताना डोळ्यांना दिसतो, एसी लावला की अजून जास्त.

गिअर मात्र लोण्यासारखे पडतात, कुठे अडत नाही की सटकत नाही.

गॅरेजवाल्याने गाडीत न बसताच सांगितलं की गिअरबॉक्स उतरवावा लागेल. मला काही पटलं नाही. नॉब घट्ट केली, खालचं रेक्झिनचं कव्हर उचकटून पाहिलं तर आत शेंगांची टरफलं निघाली (आधीचा मालक खादाड असावा), बाकी काही सापडलं नाही. आता तिथे फोम कोंबायचा विचार आहे, पण आपल्याकडे मे महिन्यात ४४-४५ डिग्रीत बंद गाडीत फोमचा गोंद टिकतो का? आणि ग्रीस लावायचं तर कोणतं?

प्रतिसाद १
भाऊ, फोम नंतर. हात ठेवल्यावर आवाज बंद होतो म्हणजे तो दांड्याचाच आहे, गिअरबॉक्सच्या पोटातला नाही. तरी खात्री करायची तर न्यूट्रलला गाडी चालू ठेवून क्लच दाबा. दाबल्यावर घरघर गेली तर इनपुट शाफ्टच्या (इंजिनाची ताकद गिअरबॉक्समध्ये आणणारा दांडा) बेअरिंगवर संशय, दाबल्यावरच आली तर रिलीज बेअरिंग (क्लच दाबला की काम करतं ते). दोन्ही नसेल तर गिअरबॉक्स उतरवायचं कारण नाही भो.
तुमच्या गाडीला रिव्हर्ससाठी वर ओढायची रिंग आहे का? असेल तर ती दोन बोटांत घट्ट धरून तेवढ्याच आरपीएमला चालवून बघा, पण शेजारी दुसरं कोणीतरी बसवा, त्याने धरायची. रिंग सैल झाली की हमखास वाजते. तिच्या आत पातळ कापडी टेपचा एक वेढा द्या, वर-खाली सरकली पाहिजे एवढंच बघा. नॉब आट्यांची असेल तर आट्यांना नळाची टेफ्लॉन टेप गुंडाळून मग घट्ट करा.
दांड्याच्या बुडाशी नायलॉनची वाटी असते, तिथे सिलिकॉन ग्रीस. साधं ग्रीस किंवा ऑइल रबराला लागलं की रबर फुगतं.

प्रतिसाद २
सायकलच्या ट्यूबचा तुकडा दांड्यावर चढवा, विषय खल्लास. मी तर हात ठेवूनच चालवतो.

प्रतिसाद १
ट्यूब चालेल, हात नको. हाताचं वजन आत सिलेक्टर फोर्कवर (गिअर सरकवणारा काटा) जातं आणि तो झिजतो. फोमही ठासून भरू नका, दांडा पूर्ण गेला नाही तर गिअर अर्धवट पडतो आणि चालत्या गाडीत सटकतो.
न्यूट्रलची थरथर वेगळी आहे, ती माउंटिंगची, म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स ज्या रबरांवर बसवलेलं असतं त्यांची वाटते. उन्हाने आणि वयाने रबर कडक होतं, मग इंजिनचा सगळा हादरा केबलमधून दांड्यापर्यंत येतो. बॉनेट उघडा, हँडब्रेक ओढा, एकाने आत बसून ब्रेक दाबून पहिल्यात आणि मग रिव्हर्समध्ये क्लच किंचित सोडायचा, दुसऱ्याने बाजूला उभं राहून (समोर नाही!) इंजिन किती उसळतं ते बघायचं.

धागाकर्ता
रिंगच निघाली हो! टेपचा वेढा दिला आणि घाटात टर्रर्र गायब, आईने पण मान्य केलं. क्लच दाबून काही फरक नाही. पण माउंटिंगचं तुम्ही म्हणता तसंच दिसतंय, रिव्हर्सला इंजिन चांगलंच उचललं जातं आणि गिअरबॉक्सच्या बाजूच्या रबराला चीर आहे. एकच बदलू का सगळी? आणि हे घरी जमेल का?

प्रतिसाद १
चीर आहे ते आधी बदला, मग थरथर किती राहते ते बघून बाकीच्यांचं ठरवा. हे काम घरी नको. गिअरबॉक्सला खालून जॅकचा आधार देऊन बोल्ट सोडावे लागतात, जॅक सरकला तर हात जाईल. गॅरेज दुसरं बघा, आणि जुनं रबर मागून घ्या.