मदत हवी आहे: हाताने घडवलेल्या फुलदाणीत फुले कशी मांडावीत?

मी चाकावर घडवलेल्या २ फुलदाण्यांपैकी अरुंद गळ्याच्या फुलदाणीत झिनियाचे एकच फूल, देठ फुलदाणीच्या साधारण दीडपट उंच ठेवून आणि पाण्यात बुडणारी पाने काढून लावले, की ते छान तोलून उभे राहते आणि मातीवर उमटलेले बोटांचे वळसेही झाकले जात नाहीत, हे मला फार आवडते. दुसरी पसरट तोंडाची आहे. तिला ग्लेझ (भाजून चढवलेला काचेसारखा थर) नसल्याने पाणी झिरपते आणि सकाळी टेबलावर ओले कडे उमटलेले दिसते. आत काचेचा पेला ठेवून गळतीचा प्रश्न सुटेल. परंतु कॉसमॉसच्या फुलांचे नाजूक देठ कडेला कलंडतात, त्यांना आधार कशाचा द्यावा? तसेच तांबूस, खरबरीत मातीसमोर फिकट फुले अधिक खुलतील की गडद, याबाबत जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.