मदत हवी आहे: लिथियम नायोबेट मॉड्युलेटरची (रेडिओ सिग्नल प्रकाशावर चढवणारी चिप) आयएमडी-३ (दोन टोन मिसळून उठणारी तिसऱ्या क्रमाची विकृती) जास्त येतेय, बायस (चालण्याचा बिंदू ठरवणारा स्थिर व्होल्टेज) लॉक कसा करू?

तरंग_०७: थिन-फिल्म लिथियम नायोबेटची माख-झेंडर (प्रकाश दोन भुजांत वाटून पुन्हा जोडणारी) चिप आहे. सिम्युलेशनमध्ये एसएफडीआर (नॉइजच्या वर आणि विकृती दिसण्याआधी मिळणारी सिग्नलची रेंज, डीबीत) ११० येतो, टेबलावर ९८ च्या वर जात नाही. आयएमडी-३ ची रेघ भलतीच वर दिसते. बायस सरकतोय हे उघड आहे. चांगलं बायस लॉक सर्किट सुचवा. रिव्ह्यू तोंडावर आलाय, थिअरी नको.

लघुलहर: ११० कोणत्या बँडविड्थला? टोन कोणते, पॉवर किती, व्ही-पाय (आउटपुट कमालवरून किमानवर न्यायला लागणारा व्होल्टेज) किती, फोटोडायोडचा करंट किती? काहीच लिहिलं नाहीत.

तरंग_०७: १ हर्ट्झलाच, आणखी कशाला असणार? १० आणि १०.०१ गिगाहर्ट्झ, प्रत्येकी ० डीबीएम. व्ही-पाय ३ व्होल्ट. आयएमडी-३ मुख्य टोनच्या २९ डीबी खाली.

कंकण: लॉक सोडा. एका भुजेला रिंग (प्रकाश फिरवणारं वर्तुळाकार वेव्हगाइड) जोडा, अनुनादापासून अगदी दूरच्या बिंदूवर चालवा. रिंगचा फेज-वक्र माख-झेंडरच्या साइन-आकाराच्या प्रतिसादातलं घनपद, म्हणजे आयएमडी-३ चं मूळ, खोडून काढतो.

लघुलहर: @कंकण, त्यासाठी जवळपास ९३ टक्के पॉवर रिंगमध्ये जायला हवी, तीही रिंगमध्ये लॉस नाही असं धरून. फॅब्रिकेशनमध्ये कपलिंग जरा हललं की फायदा गेला. शिवाय लिंकचा गेन पाचेक डीबी पडतो. आणि त्यांची चिप तयार आहे!

कंकण: कपलर ट्यूनेबल ठेवता येतो की. सिलिकॉनवरही हे करतात.

पोकळी: सिलिकॉनमध्ये कॅरियर डिप्लीशन (चार्ज हटवून प्रकाशाची फेज बदलणं) मुळातच नॉनलिनियर, त्याची लिथियम नायोबेटमधल्या, व्होल्टेजच्या प्रमाणात चालणाऱ्या पॉकेल्स परिणामाशी तुलना कशी कराल?

शांतलहर: व्ही-पाय मोजायला कमी वारंवारतेची त्रिकोणी लहर लावा, स्कोपवर कमाल ते किमान अंतर बघा.

तरंग_०७: व्ही-पाय विचारलेला नाही. बायसचं बोला.

लघुलहर: बायसचंच बोलतो. क्वाड्रॅचरवरून (कमाल-किमानच्या बरोबर मधल्या बिंदूवरून) घसरलात तर दुसऱ्या क्रमाची विकृती डोकं वर काढते. तिसऱ्या क्रमाचं मुख्य टोनशी गुणोत्तर बायसने बदलत नाही. तुमच्या आकड्यांना, ५० ओहम धरून, ते ३७ डीबी खाली यायला हवं. म्हणजे ८ डीबी दुसरीकडून येतायत. आधी स्पेक्ट्रम ॲनलायझरचं इनपुट ॲटेन्युएशन १० डीबीने वाढवा. आयएमडीचा आकडा बदलला तर दोष ॲनलायझरचा. मग फोटोडायोडच्या आधी प्रकाश ३ डीबीने कमी करा. दोन्ही रेघा ६ डीबीने उतरल्या तर मॉड्युलेटर, आयएमडी त्याहून जास्त उतरली तर डायोड.

पोकळी: आणि हे ८ डीबी एसएफडीआरमध्ये पावणेतीन डीबीच खातात. ११० आणि ९८ मधल्या बारातले उरलेले नॉइज फ्लोअरकडे शोधा. ईडीएफए (फायबरमधला ऑप्टिकल ॲम्प्लिफायर, तोही नॉइज घालतो) आहे का मध्ये?

तरंग_०७: ईडीएफए आहे, त्याशिवाय लिंक कशी चालणार? ॲनलायझरने फरक नाही. प्रकाश कमी केल्यावर मुख्य टोन ६ डीबी उतरला, आयएमडी ११. डायोडचा करंट १५ मिलीअँपिअर.

लघुलहर: मग डायोड दबतोय (जास्त प्रकाशाने सॅच्युरेट होतोय). रिव्हर्स बायस त्याच्या मर्यादेत वाढवा आणि हेच पुन्हा मोजा.

पोकळी: चिपचे दोन्ही आउटपुट बाहेर काढलेत का? असतील तर बॅलन्स्ड डिटेक्टर (दोन डायोडचे करंट वजा करणारा) लावा, लेसरचा तीव्रतेचा नॉइज बराचसा वजा होतो.

तरंग_०७: एकच काढलाय. दुसऱ्याचा एज कपलर (चिपच्या कडेवरचं फायबर जोडायचं तोंड) चिपवर आहे, पण फायबर चिकटवलेलं नाही. ते आता जोडता येईल का?