नाशिकमध्ये एकटीने जेवायला कुठे जावं?

नमस्कार मंडळी, पुढच्या आठवड्यात कामासाठी नाशिकला येतेय, मुक्काम सीबीएसजवळ (मध्यवर्ती बसस्थानक). एकटीच आहे. सकाळची चिंता नाही. मिसळ, पापड, दही एकटीनेही मजेत खाता येतं. मेन रोडवर सायंताराचा साबुदाणा वडाही उभ्याउभ्या होईल. पण चुलीवरच्या मिसळीची ठिकाणं शहराबाहेर, तिथे म्हणे सगळी कुटुंबंच! रविवार टाळून गेले तर एकटीला टेबल देतात का? रिक्षा परत मिळते का?

खरी अडचण रात्रीची. "किती जण?" विचारून कोपऱ्यात बसवतात, त्याचं काही नाही (कोपरा मला आवडतोच), पण अख्खी भाजी एकटीला संपत नाही. कॉलेज रोड किंवा शरणपूर रोडला साधी थाळी, शक्यतो शेवभाजी-भाकरी, कुठे मिळेल? नऊनंतर चालत परतण्यासारखं हवं.