कोलंबो, 'ट्रबल्ड वॉटर्स' (१९७५): हातमोज्याच्या आत ठसा मिळेल?

दर्यावर्दी: 'कोलंबो' या अमेरिकी टीव्ही मालिकेतला हा भाग, कोलंबो हा तिचा पोलीस डिटेक्टिव्ह. खुनी कोण ते पुढे उघड केलंय, भाग पाहिला नसेल तर इथेच थांबा. डॅन्झिगर (रॉबर्ट व्हॉन) अमाइल नायट्राइट हुंगून हृदयविकाराचं सोंग आणतो, जहाजाच्या दवाखान्यात दाखल होतो, मधेच निसटून गायिका रोझॅनाला गोळी घालतो आणि परत येऊन निजतो. डॉक्टर इतक्या सहज फसेल? आणि शेवटी रबरी हातमोज्याच्या आतून बोटांचे ठसे मिळतात, ते जमतं का?

नाडीपरीक्षा: या औषधाने रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब झपकन उतरतो आणि तो सावरायला नाडी धावते. चेहरा लालबुंद होतो, डोकं ठणकतं. खऱ्या झटक्यात बहुधा उलट, माणूस पांढरा पडतो आणि थंड घाम सुटतो. असर जेमतेम काही मिनिटांचा, त्यामुळे कॅप्सूल अगदी ऐन वेळी फोडावी लागते. ईसीजी पुन्हा पुन्हा काढून आणि रक्तातली एन्झाइम तपासून सोंग उघडं पडू शकतं, पण त्याला वेळ लागतो. तोवर डॉक्टर म्हणणार, "रात्रभर इथेच राहा." डॅन्झिगरला तेवढंच हवंय.

शिसपेन्सिल: ठसा मिळू शकतो. पातळ रबर कातडीला चिकटतं, आत घाम साचतो आणि मोजा ओढून काढताना उलटा होतो. अडचण पावडरीची. शस्त्रक्रियेचे मोजे चढवायला सोपे जावेत म्हणून आत भुकटी असायची. अशा पृष्ठभागावर ग्रॅफाइट (पेन्सिलीच्या शिशाची भुकटी) सगळीकडे सारखंच बसतं, रेषा उठत नाहीत. पेन्सिलीचं शिसं घासून काढायची कोलंबोची युक्ती काचेवर किंवा रंगवलेल्या पत्र्यावर छान चालते, इथे नशीब लागतं. सुपरग्लूच्या वाफेने ठसे उठवायची पद्धत तेव्हा पोलिसांकडे रुळलेली नव्हती.

पण खरी मेख वेगळीच आहे. ते मोजे खुनातले नाहीतच! कोलंबो डॅन्झिगरच्या कानावर घालतो की मोजे सापडल्याशिवाय पियानोवाल्या लॉइडवरचा (खुनाचा आळ डॅन्झिगरने त्याच्यावर घातलाय) आरोप टिकणार नाही. मग हा पठ्ठ्या नव्या जोडीवर बारुदीचे डाग पाडून ती आग विझवायच्या होजमध्ये लपवतो. बाहेरून डाग लॉइडच्या विरोधात, आतून ठसे स्वतःचे.

चष्मेवाला: मला त्याहून पिसाचा पुरावा आवडतो. आवाज दाबायला उशी वापरली आणि पीस सापडलं दवाखान्यात, जिथल्या उशा फोमच्या. रिव्हॉल्व्हरला उशी धरली तरी आवाज पुरता दबत नाही, कारण सिलिंडर आणि नळीमधल्या फटीतून वायू बाहेर पडतोच. जळक्या पिसांचा वास राहतो तो वेगळाच. आरशावरचं लिपस्टिकचं 'एल' (म्हणजे लॉइडकडे बोट) मात्र कच्चं काम.

दर्यावर्दी: आणि कोलंबोला जहाजावर तपासाचा अधिकार कुठला?

शिसपेन्सिल: कुठलाच नाही. तो लॉस एंजेलिसचा लेफ्टनंट, खुल्या समुद्रावर हुकूम कॅप्टनचा. कॅप्टन गिबन (पॅट्रिक मॅक्नी) तपास करू देतो म्हणून तो करतो. जहाज मेक्सिकोकडे चाललंय. बंदरात उतरल्यावर माणसंही पांगणार आणि पुरावाही, म्हणून सापळ्याची ही घाई.