मदत हवी आहे: सोशल मीडिया मार्केटिंगच्या युक्त्या ऑफिसच्या ट्रेनिंगला कितपत लागू पडतात?

नमस्कार मंडळी,

मी एका मध्यम आकाराच्या कंपनीत ट्रेनिंगचं काम बघते. इंडक्शन, ग्राहकांच्या तक्रारी, नवीन सॉफ्टवेअर आणि दरवर्षी सगळ्यांना करावाच लागणारा माहिती-सुरक्षेचा कोर्स. काही लोक डेस्कवर, बाकीचे गोदामात आणि फिरतीवर. कोर्स एलएमएसवर (ऑनलाइन ट्रेनिंगच्या सॉफ्टवेअरवर) आहेत आणि लोक ते 'पूर्ण' करतात. म्हणजे व्हिडिओ दुसऱ्या टॅबमध्ये चालू ठेवायचा आणि क्विझची उत्तरं शेजाऱ्याला विचारायची. रिपोर्ट हिरवागार. मग आयटीने फिशिंगचा (फसवून लिंकवर क्लिक करायला लावणारा) चाचणी मेल पाठवला की हीच मंडळी लिंकवर क्लिक करतात.

मध्यंतरी मार्केटिंगवाल्यांशी बोलणं झालं. त्यांचं म्हणणं, "तुम्ही कोर्स सोडता आणि मोकळे होता. आम्ही जाहिरात एकदा दाखवून थांबतो का?" पटलं. पाठ केलेलं सुरुवातीला भराभर विसरतं आणि अंतर ठेवून केलेली उजळणी जास्त टिकते, हे एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्येच स्वतःवर प्रयोग करून मांडलं होतं. आम्ही मात्र अजून वर्षातून एकदा तासभर लोकांना बसवतो.

म्हणून आता माहिती-सुरक्षेचा कोर्स कॅम्पेनसारखा चालवायचा विचार आहे. दर आठवड्याला दीड-दोन मिनिटांचा एक व्हिडिओ. सुरुवात व्याख्येने नाही, थेट प्रसंगाने: "साहेबांच्या नावाने मेल आलाय, पुरवठादाराचं बँक खातं बदललंय, पेमेंट आजच हवं." हा अकाउंट्ससाठी. गोदामातल्यांना कुरियरच्या खोट्या मेसेजचा, एचआरला बायोडेटाच्या नावाखाली आलेल्या फाइलचा. प्रत्येकाच्या शेवटी एकच सांगणं: संशय आला तर रिपोर्टचं बटण दाबा. शिवाय निम्म्या लोकांना एक शीर्षक, निम्म्यांना दुसरं, असं करून काय जास्त उघडलं जातं तेही बघता येईल.

इथवर ठीक. अडते आहे ती पुढे.

मोजायचं काय? व्ह्यूज आणि लाइक मोजणं सोपं, आणि वरिष्ठांना आवडतंही. पण खुद्द यूट्यूबनेही 2012 मध्ये शिफारशींसाठी क्लिकपेक्षा बघण्याच्या वेळेला महत्त्व द्यायला सुरुवात केली, कारण भडक थंबनेलवर क्लिक मिळत होते, व्हिडिओ कोणी बघत नव्हतं. आणि आमच्या धंद्यात तर बघण्याचा वेळही पुरेसा नाही. ट्रेनिंगचा उपयोग किती झाला ते जोखायच्या कर्कपॅट्रिकच्या चार पातळ्या धरल्या (प्रतिक्रिया, शिकणं, वागणूक, परिणाम) तर लाइक पहिल्या पातळीवरच थांबतात. मला तिसरी हवी आहे.

दुसरं, लोकांनी स्वतः काही टाकावं अशी फार इच्छा आहे. वेबसाइटच्या वापराचा अभ्यास करणाऱ्या जेकब नीलसनने 2006 मध्ये मांडलेला 90-9-1 चा ठोकताळा माहीत आहे: ऑनलाइन समूहात बहुतेक जण नुसते वाचतात, थोडे अधूनमधून लिहितात, मूठभरच सतत लिहितात. काही हजारांच्या समूहात ते चालून जातं. आमच्याकडे एका विभागात जेमतेम पंधरा-वीस माणसं, तिथे ही मूठ म्हणजे कोणीच नाही. स्पर्धा-बक्षिसं लावावीत का?

आणि फिरतीवरच्यांना हे पोचवायचं कुठे? त्यांच्या खासगी व्हॉट्सॲपवर ऑफिसचे व्हिडिओ टाकणं मला बरं वाटत नाही.

कोणी प्रत्यक्ष केलं असेल तर सांगा. तयार ॲप विकणाऱ्यांनी कृपया लांब राहावं. :)

प्रतिसाद १

क्लिक किती जणांनी केलं यापेक्षा रिपोर्ट किती जणांनी केलं ते मोजा. क्लिकचं प्रमाण चाचणी मेल किती बेमालूम आहे त्यावर हलतं, त्यामुळे सोपा मेल पाठवून कोणीही सुधारणा दाखवू शकतो. पहिला रिपोर्ट किती मिनिटांत आला तेही बघा, खऱ्या हल्ल्यात आयटीला तेच उपयोगी पडतं. एका विभागाला कॅम्पेन थोडं उशिरा सुरू करा, म्हणजे तुलनेला काहीतरी राहील.

क्विझ व्हिडिओनंतर लगेच घेऊ नका. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 च्या प्रयोगात पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने तपासलं तेव्हा स्वतःची चाचणी घेतलेले पुढे. लगेचची क्विझ तुम्हाला खोटा दिलासा देईल. मागच्या आठवड्याचा एक प्रश्न या आठवड्याच्या व्हिडिओआधी विचारा.

प्रतिसाद २

मी मार्केटिंगमध्ये आहे, त्यामुळे घरचा अहेर. आमच्याकडे कंटाळलेला माणूस अनफॉलो करतो आणि आम्हाला कळतं. तुमचा कर्मचारी अनफॉलो करू शकत नाही, तो फक्त मनातून उठून जातो. म्हणून दर आठवड्याचा हट्ट धरू नका. सांगण्यासारखं नसेल तर तो आठवडा सोडा.

बक्षिसं नकोत, लोक बक्षिसासाठी काहीही टाकतात. त्यापेक्षा प्रत्येक विभागात अडल्यावर सगळे ज्याच्याकडे जातात तो माणूस शोधा. बहुधा तो मॅनेजर नसतो. त्याला व्हिडिओ बनवायला लावू नका, लाजेल. "परवा तो विचित्र मेल आला तेव्हा तुम्ही काय बघितलंत?" एवढं विचारा आणि त्याच्या शब्दांत लिहून घ्या, त्याची हरकत नसेल तर नावासकट.

खासगी व्हॉट्सॲपबाबत तुमचं बरोबर आहे. शिफ्ट सुरू होतानाच्या पाच मिनिटांत दाखवा.

प्रतिसाद ३

एक शंका. लोकांना येत नाही म्हणून ते रिपोर्ट करत नाहीत, की बटणच सापडत नाही? फोनवर बघितलंय का?

धागाकर्ती

@प्रतिसाद ३, आत्ताच एका फिरतीवरच्या सहकाऱ्याच्या फोनवर बघितलं. ॲपमध्ये ते बटण तीन ठिपक्यांच्या मेनूत, तेही खाली स्क्रोल केल्यावर दिसतं. आयटीशी बोलते. ते वर येईपर्यंत गोदाम आणि फिरतीवरच्यांचा व्हिडिओ थांबवते, अकाउंट्सचा जाऊ देते, ते संगणकावरच असतात.

आठवड्याने प्रश्न विचारायची कल्पना लगेच उचलली आहे. पण आता नवीन पेच. रिपोर्टचे आकडे मिळणार म्हटल्यावर मॅनेजर लोक चाचणी मेलला फसलेल्यांची नावं मागू लागलेत. द्यावीत का?

प्रतिसाद १

अजिबात नाही. एकदा नाव वर गेलं की पुढच्या वेळी खऱ्या लिंकवर क्लिक झालेला माणूस गप्प बसेल. विभागवार आकडे द्या, आणि पंधरा-वीस जणांचे विभाग असतील तर दोन-तीन एकत्र करून द्या, नाहीतर नाव न घेताही कोण ते कळतंच.