आबांना सुमो दाखवायचाय, जपानची नऊ दिवसांची ट्रिप कशी लावू?

पेठेतला_पोरगा
नमस्कार मंडळी. मे महिन्यात आई-आबांना घेऊन जपानला जायचं चाललंय. आबा ६८ वर्षांचे, तरुणपणी तालमीत होते, अजून कोल्हापूरच्या खासबागला कुस्तीचं मोठं मैदान असलं की दुपारपासनं घरात बसवत नाही त्यांना. बाकी काय दाखव नको पण सुमोची कुस्ती दाखव, एवढंच म्हणतायत. आई माळकरी, अंडंपण चालत नाही. टूरवाल्यानं नऊ दिवसांत सात शहरं दिलीत आणि सुमोचं नावच नाही त्यात. कोण जाऊन आलंय का?

तांबडी_माती
भावा, मे धरलास ते बेस्ट केलंस. मोठ्या स्पर्धा वर्षातनं सहाच, १५-१५ दिवसांच्या, त्यातल्या जानेवारी, मे आणि सप्टेंबरच्या टोकियोत, रियोगोकू स्टेशनला लागूनच कोकुगिकान म्हणजे सुमोचं स्टेडियम आहे तिथं. मार्चची ओसाकाला, जुलैची नागोयाला, नोव्हेंबरची फुकुओकाला. तिकिटं साधारण महिनाभर आधी निघतात आणि पटापट संपतात, तेव्हा आधी तारखा बघ आणि मगच विमानाचं बुकिंग कर. खालच्या चौकोनात चौघांनी गादीवर मांडी घालून बसायचं असतं, आबांच्या गुडघ्यांना ते झेपायचं नाही, वरच्या खुर्च्या घे.

आणि संध्याकाळचं तेवढं बघून येऊ नका, सकाळीच जावा. पोरासोरांच्या कुस्त्या सकाळपासनं चालू असतात, हॉल रिकामा असतो, मातीवर पाय आपटल्याचा आवाज वरपर्यंत येतो. मोठे पैलवान चारच्या सुमारास, सहाला सगळं संपतं. आखाडा म्हणजे घट्ट दाबलेल्या मातीचा ओटा, वर भाताच्या पेंढ्याचं गोल कडं, आतनं ४.५५ मीटर. चितपट वगैरे काही नाही, कड्याबाहेर पाय पडला किंवा पायाच्या तळव्याशिवाय अंगाचं काहीही मातीला टेकलं की हरला. कुस्ती कधीकधी चार सेकंदांत संपते पण त्याआधी मीठ उधळणं, मांड्या थोपटणं, एकमेकाला डोळ्यात डोळे घालून बघणं हेच मिनिटं-मिनिटं चालतं, आणि आबांना नेमकं तेच कळणार बघ. माझ्या शेजारी एक जपानी आजोबा होते, भाषेचा पत्ता नाही, मी मोबाईलवर आपल्या तालमीतल्या हौद्याचा फोटो दाखवला तर त्यांनी बोटांनी मोठा करून नुसती मातीच बघितली किती वेळ.

रंकाळाकाठ
दादा, आईंसाठी एक रात्र कोयासानला मुक्काम कराच. ओसाकाच्या नांबाहून ट्रेन, शेवटी केबल कार. डोंगरावर देवळातच राहायचं, जेवण शोजिन र्‍योरी, म्हणजे भिक्षूंचं शाकाहारी, कांदा-लसूणसुद्धा नाही. बाहेर मात्र सांभाळा, भाजीचं सूप म्हणून देतात त्यातही बहुतेक वेळा माशाचं पाणी असतं, त्याला दाशी म्हणतात, ते विचारल्याशिवाय घेऊ नका. काही देवळांत सकाळी अग्नीची पूजा असते, तिचं नाव गोमा, म्हणजे आपलाच होम. माझ्या सासूबाई पहिल्यांदा बावरल्या होत्या, पण समिधा पडायला लागल्या आणि मंत्र चालू झाले तशा आपोआप हात जोडून बसल्या. मेमध्येही वर गारवा असतो, स्वेटर न्या.

क्योटोत सान्जूसान्गेंदो देऊळ सोडू नका. एकाच लांबलचक लाकडी हॉलमध्ये कान्नोनच्या १००१ मूर्ती, कान्नोन म्हणजे बौद्धांचा अवलोकितेश्वर. आत फोटो काढू देत नाहीत, ते बरंच आहे. आईंना हेही सांगा की तिकडं लक्ष्मीला किचिजोतेन आणि सरस्वतीला बेंझाइतेन म्हणतात, दोघींचीही देवळं आहेत.

मंगेश_वाचनवेडा
नाराचं तोदाइजी देऊळ पण धरा. तिथला बुद्ध सुमारे १५ मीटर उंच, ब्राँझचा, आणि ७५२ साली त्याचे डोळे उघडायचा विधी केला तो भारतातनं गेलेल्या बोधिसेन नावाच्या भिक्षूनं. बाकी सात शहरांचा नाद सोडा, वयस्कर माणसांना रोज बॅग भरायला लावू नये. टोकियो, कोयासान, क्योटो, नारा क्योटोहून जाऊन-येऊन, बास. एवढ्याला जेआर पास, म्हणजे जपानी रेल्वेचा ठरावीक दिवसांचा पास, पण नको, २०२३ च्या ऑक्टोबरात सात दिवसांचा ५०,००० येन झाला होता, सुटी तिकिटं स्वस्त पडतील.

पेठेतला_पोरगा
सगळ्यांचे मनापासून आभार. आत्ताच आबांना सगळं वाचून दाखवलं. ते विचारतायत, त्या आखाड्याच्या मातीला हात लावू देतात का?

तांबडी_माती
नाही रे, ओट्यावर बाहेरच्या कुणाला चढू देत नाहीत, बायकांना तर अजूनही नाहीच, मात्र बघायला बसायला आईंना काही अडचण नाही. आबांना सांग, हात लांबनंच जोडायचे.